दिवाळीनंतरचा शनिवार-रविवार: आटपाडीहून सांगली, आणि तिथून पैलथडी

परवा नातसून म्हणाली, "आजी, दिवाळी झाली, पाहुणे गेले, पोरं घरात नुसती उच्छाद मांडतायत. शनिवार-रविवार त्यांना घेऊन सांगलीत काय काय करता येईल ते लिहा की तुमच्या ब्लॉगवर." मी म्हटलं, लिहिते. मी केलीय ती सहल. फक्त त्याला आता ऐंशीच्या आसपास वर्षं झाली. पण गणपती तिथंच आहे, नदी तिथंच आहे आणि भडंगही मिळतं. वेळापत्रक तेवढं जुनं समजा.

लढाई, म्हणजे दुसरं महायुद्ध, नुकती संपली होती. मी अकरा संपून बारावं लागलेली, आटपाडीच्या एका मेंढक्याची थोरली लेक. नाव हौसा. गावच्या शाळेत चौथी झाली होती आणि पुढं मुलींसाठी काही नव्हतं. जतच्या एका घरातनं माझ्यासाठी विचारणाही येऊन गेली होती. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते स्थळ वाईट वाटत नव्हतं. आई मात्र गप्प होती. आमची आई गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय.

भाऊबीजेला मामा सांगलीहून आला. तो तिथं हळदीच्या वखारीत तोलाईवर होता. आईनं ओवाळलं आणि तो ताटात ओवाळणी टाकणार तोच तिनं ताट मागं घेतलं. "कायबी टाकू नगंस. मला वस्तू नगं, लुगडं नगं. हौशीला तुज्याकडं ठिवून घे आन् सांगलीच्या साळंत घाल. हीच माजी ओवाळणी."

ताट हवेत, निरांजन फडफडतंय, आणि मागितलेली ओवाळणी. भाऊ नाही कसा म्हणणार? "व्हय की आक्का! त्यात काय मोठं!" मामा तोंड भरून म्हणाला. आणि लगेच त्याचा चेहरा उतरला, कारण त्याला मामी आठवली.

आठवड्याभरात त्याचं कार्ड आलं. ते मीच मोठ्यानं वाचून दाखवलं. शाळेत विचारलंय, जागा आहे, सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडते, त्याआधी शनिवार-रविवार सगळीच या, सांगली बघून होईल. आणि खाली बारीक अक्षरात: "तुमची वहिनी विचारते, पोरीला पवाय येतं का?" आम्ही पोट धरून हसलो. मला पोहता येतं का! आमच्या विहिरीत मला धरणारं कोणी नव्हतं. आबा म्हणाले, "लिव त्यास्नी, पोरगी न्हाई, मासा हाय मासा!"

शुक्रवारी पहाटे आई, आबा आणि मी निघालो. हा रस्ता आता गाडीनं दोन-अडीच तासांचा आहे, आम्हाला अख्खा दिवस लागला. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागं एक उंच पिंप बांधलेलं, त्यात कोळसा धुमसायचा, आणि निघण्याआधी क्लीनर पंख्याचा दांडा फिरवून फिरवून घामाघूम व्हायचा. भिवघाटाच्या चढाला मोटारीनं मान टाकली. ड्रायव्हर म्हणाला, "उतरा समदी! बाप्यांनी ढकला, बायकांनी चाला."

आबा उतरले, पण तोंड थोडंच बंद राहतंय! "आरं गड्या, तिकीट आमी मोटारीचं काढलंय, का मोटारीनं आमचं?"

आबांच्या आवाजाबद्दल इथंच सांगते. त्यांना हळू बोलता येत नव्हतं. माळावर या टेकाडावरून त्या टेकाडावरच्या मेंढरांशी बोलणारा माणूस तो. त्यांनी हाक मारली की गावातली निम्मी दारं उघडायची. मोटारीतल्या एका म्हातारीनं विट्यापर्यंत कानात पदर कोंबला होता.

विट्याला मोटार बदलली आणि झाडाखाली बसून बाजरीची भाकरी नि ठेचा खाल्ला. (प्रवासात आजही हेच न्या. हॉटेलातल्या पिवळ्या रश्श्यापेक्षा पोटाला बरं.) तासगाव सोडलं आणि रान बदलत गेलं. ऊस, हळद, पाटाचं पाणी. आई खिडकीला नाक लावून बसली होती. "आगं बया, हितली मेंढरं किती लाडावली आसतील," एवढंच म्हणाली. तुम्ही साताऱ्याकडून येणार असाल तर इस्लामपूरवरून सांगलवाडीत याल आणि पूल ओलांडून शहरात शिराल. आम्ही उलट्या बाजूनं आलो, म्हणून पहिल्या दिवशी नदी दिसलीच नाही.

मामाचं घर घाटाजवळच्या बोळात, दोन खोल्यांचं. मामी दारात उभी होती. बारकीशी, चपळ, डोळे सगळीकडं. तिनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मी उंबरा ओलांडायच्या आत विचारलं, "पवतीस न्हवं?"

"व्हय," मी ऐटीत म्हटलं.

"नदी पवलीस कवा?"

आता आमच्याकडं नदी कुठली! आमचा ओढा श्रावणातसुद्धा घोट्याच्या वर येत नाही. "न्हाई," म्हणावं लागलं. मग मामीनं आईला समोर बसवून सगळं सरळ सांगितलं. दोन वर्षांपूर्वी शेजारची पोर घाटावर पाय घसरून गेली होती. तेव्हापासून मामीचा नियम होता: घरातल्या पोरानं एकदा एकट्यानं नदी पोहून पैलथडी गाठायची, मग घाटावर जायला मोकळं. तिची स्वतःची दोन्ही पोरं तशीच पार झाली होती. "हितं धुणं नदीला, पाणी नदीचं. हिला रोज घाटावर जावं लागणार, वन्सं. रविवारी समोरच्या काठाला हात लावून दावू दे, मग खुशाल ऱ्हाऊ दे. न्हाईतर मला डोळ्याला डोळा लागायचा न्हाई. लोकाची पोर हाय."

"लोकाची कसली? तुजीच हाय," आई म्हणाली.

"माजी हाय म्हणूनच म्हंतीया!"

खरं सांगू? मला मामीचा राग आला होता. आज मी तिच्या जागी असते तर मीही हेच केलं असतं.

शनिवारी सकाळी गणपती. दिवाळीनंतरच्या आठवड्यात जायचं ते यासाठीच: सणाची गर्दी ओसरलेली असते, दगडी फरसबंदी थंडगार असते आणि देवापुढं निवांत उभं राहता येतं. तेव्हा देवळात हत्ती होता. आबांनी जन्मात पहिल्यांदा हत्ती बघितला आणि सगळं देऊळ दणाणलं, "आरं बाबौ! ह्येला दिसाला चारा किती लागत आसंल!" पुजाऱ्यासकट सगळे वळले. मामी लाजेनं अर्धी झाली. "आवं दाजी, हळू! देऊळ हाय ह्ये."

"मी हळूच बोललो की," आबा म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मग पेठेत गेलो. हळदीच्या वखारींपुढून चाललं की अंगावर पिवळी भुकटी बसते, मामाच्या पापण्यासुद्धा पिवळ्या. भडंग घेतलं, कागदाच्या पुड्यात, लसणाचा वास सुटलेला. दुपारी मामीनं कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत केलं. आई वांग्याचं देठसुद्धा चोखत होती. आम्ही सगळे हसत-खिदळत होतो, पण मी भाकरी नुसती चिवडत होते, कारण दुपार कलली की घाटावर सराव ठरला होता.

घाटाच्या पायऱ्या उतरले आणि नदी बघितली. आई गं! एवढं पाणी एका जागी असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तरी कासोटा मारला आणि सूर मारला. मस्त हात पडत होते. मला वाटलं, ही काय निम्मी आलीच. मान वर काढून बघते तर समोर पायऱ्या, पायरीवर मामी, आणि तिच्या शेजारी धुणं धुणाऱ्या बायका हसून हसून लोटपोट.

झालं होतं असं की मी जन्मभर विहिरीत पोहलेली. विहिरीत दहा-बारा हात मारले की भिंत येते, वळावं लागतं. माझ्या अंगाला ती सवय इतकी भिनलेली की नदीतही बारा हात झाले की मी आपोआप डावीकडं वळत होते. मला कळतसुद्धा नव्हतं. पुन्हा गेले, पुन्हा वळले. तिसऱ्यांदा तर मी एका म्हशीला फेरी मारून परत आले.

"घाण्याला जुपलीया का काय पोरगी!" एक बाई ओरडली.

मामी हसली नाही, हे मी तिच्या नावावर लिहून ठेवलंय. तिनं मला पंचा दिला आणि आईला म्हणाली, "उद्याचा दीस हाय आजून. न्हाईच जमलं तर फुडच्या वर्सी बघू." आईनं मान हलवली. पण फुडच्या वर्षी म्हणजे काय ते आई, आबा नि मी, आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. फुडच्या वर्षी मी जतच्या घरात चुलीपुढं असते. त्या संध्याकाळी आई माझे केस पुसत होती आणि मी रडत होते. शाळेसाठी रडत होते की त्या हसणाऱ्या बायकांमुळं, ते आता आठवत नाही. दोन्हींमुळं असेल.

रविवारी सकाळी हरिपूर. चुकवू नका. सांगलीतून चालत जाण्याजोगं आहे, दोन्ही बाजूंनी चिंचेची झाडं. तिथं कृष्णेला वारणा मिळते आणि संगमावर देऊळ आहे. मामानं आम्हाला हळदीची पेवं दाखवली. जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत खोलीएवढं रुंद. त्यात हळद भरून तोंड बंद करायचं, वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. आत हवा कोंडलेली असते, म्हणून आधी दोरीनं कंदील सोडतात. कंदील विझला तर माणूस थांबतो. मी त्या काळ्या तोंडात वाकून बघत होते आणि मनात एकच: दुपारी काय होणार?

त्यानंतर संगमाच्या वाळूत एक साधी गोष्ट घडली. आई आणि मी पाण्याच्या कडेनं लांबवर चालत गेलो होतो. देवळाच्या बाजूनं आबांनी हाक मारली. माणसाला मारतात तशी नाही. संध्याकाळी मेंढरं घरी वळवताना मारायचे तशी. "ह्योऽऽ हिर्रर्र! ह्यो! ह्यो!" प्रत्येक मेंढक्याची हाक वेगळी असते, आणि त्याची मेंढरं तेवढीच ओळखतात. मी मागं न बघताच वळले आणि थेट त्यांच्याकडं चालत आले, मधल्या चिखलातून, पाय भरवून घेत.

आबा माझ्या पायांकडं बघत राहिले. मग पाण्याकडं. मग म्हणाले, "आवाज पाण्यावरनं लय लांब जातुया." आणि मामाकडं वळून, "पावणं, दुपारी मी पुलावरनं पल्याड जातो."

मामी म्हणाली, "दाजी, हाका मारून कुटं पोर पवती व्हय?"

"वहिनी, माजी मेंढरं अंधारात बी येत्यात. हिला तर डोळं हायत."

दुपारी घाटावर कालच्यापेक्षा जास्त बायका. बातमी पसरली होती ना! होडीत मामा, आई आणि नावाडी. होडी माझ्या मागं राहणार, बुडाले तरच हात द्यायचा, असं मामीनं बजावलेलं. नावाड्यानं पाणी बघितलं आणि सांगितलं, "धार खाली वढती. त्यास्नी जरा खालच्या अंगाला उबं करा." पलीकडं आबा एवढेसे दिसत होते, पांढरं धोतर नि तांबडं पागोटं. मामानं हात हलवला तसे ते खाली सरकले.

मी पाण्यात शिरले. दहा हात, बारा हात. अंग डावीकडं ओढायला लागलं, आणि तेवढ्यात आवाज आला. "ह्योऽऽ हिर्रर्र!" तो उजव्या कानात जास्त वाजत होता, डाव्यात कमी. म्हणजे मी वळले होते! दोन्ही कानांत सारखा वाजेपर्यंत मी अंग फिरवलं आणि पुन्हा हात मारायला लागले. बस्स, एवढंच करायचं होतं. पुढं काही बघायचं नाही, आवाज दोन्ही कानांत सारखा ठेवायचा.

मध्यावर दम लागला. दंड दगडासारखे झाले आणि नाकात पाणी गेलं. मागून आई काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही. आबांचा आवाज मात्र एकदासुद्धा थांबला नाही. सांगलवाडीची सगळी कुत्री भुंकत होती, कुणाचं तरी गाढव बोंबलत होतं, आणि त्या सगळ्यावरून तो आवाज येत होता, ह्यो, ह्यो, ह्यो. मी मोठ्यानं रडत होते आणि पोहत होते. पाण्यात रडलेलं कुणाला दिसत नाही, ही एक सोय.

मग पायाला चिखल लागला. आबा गुडघाभर पाण्यात आलेले, पागोटं सुटून गळ्यात. मी काठाला हात लावला, दोन्ही हात लावले, वरची माती मुठीत धरली. "आबा, आले!" मी किंचाळले. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. घसा पार बसला होता. मला उचलून त्यांनी गरगर फिरवलं, बारा वर्षांच्या घोडीला! पैल घाटावर बायका ओरडत होत्या. काल हसलेली बाई सर्वांत मोठ्यानं.

होडीतून परत आले तेव्हा मामी पाण्यात पायरीभर उतरून उभी होती. तिनं स्वतःच्या पदरानं माझं डोकं खसाखसा पुसलं. "थरथर कापतीया बगा कशी. चल घरला, गूळ-पानी दिते. उद्या साळा हाय न्हवं?" मग आबांकडं बघून म्हणाली, "आता चार दीस तरी दाजी हळू बोलतील." आबा तेवढ्या बसलेल्या घशानं हसले. संध्याकाळी मामीनं पुरण घातलं. भाऊबीजेनंतर दहा-बारा दिवसांनी पुन्हा दिवाळी झाली आमची.

सोमवारी सकाळी शाळेआधी सगळे मोटारस्टँडवर गेलो. कंडक्टरनं विचारलं, "किती?" आबांचा आवाज बंद, त्यांनी सवयीनं तीन बोटं वर केली. आईनं हात पुढं करून त्यातलं एक बोट मिटवलं. "दोनच द्या. पोरगी साळंत हाय," ती म्हणाली, एवढ्या मोठ्यानं की अख्ख्या स्टँडला ऐकू जावं. मोटार दिसेनाशी होईपर्यंत मी उभी होते, आणि मग मामीचा हात धरून शाळेत गेले.

तुम्ही जाल तर गणपती बघा, हरिपूर बघा, भडंग दोन पुडे जास्त घ्या, होडीतून फेरी मारा. पाण्यात मात्र उतरू नका. आता ते पाणी तसं राहिलं नाही आणि मगरीही दिसतात. माझं वाचून कुणी सूर मारलात तर मी जबाबदार नाही.

प्रवासवर्णनाच्या शेवटी माणूस घरी येतो म्हणतात. मी आले ती थेट नाताळच्या सुट्टीत. घरात कुणी नव्हतं. विहिरीवर कल्ला ऐकू आला म्हणून गेले, तर पाण्यात गावातल्या चार पोरी, पाठीला सुके भोपळे बांधलेल्या, काठावर त्यांचे बाप, आणि पायरीवर उभी राहून शिकवणारी आमची आई. मी एका बापाला विचारलं, "काका, ह्ये काय?"

"सांगलीच्या साळंत घालायचीया न्हवं हिला," ते म्हणाले. "नदी पवून दावल्याबगर घेत न्हाईत म्हणं थितं."

मी आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी तोंड मिटलं. घरी जाताना विचारलं, "आय, तू खरं का सांगितलं न्हाईस?"

"साळंत घाला म्हणून मी चार घरं फिरले, कुनी दारात उबं केलं न्हाई," ती म्हणाली. "पवाय लागतंय म्हणल्यावर समदी आपापलं भोपळं घिऊन आली. मी कशाला आडवू?"

पुढच्या जूनमध्ये त्यातल्या दोघी खरंच सांगलीला आल्या. नाव घालायला माझ्याबरोबर हेडमास्तरांपुढं उभ्या राहिल्या, आणि त्यांनी काही विचारायच्या आत थोरलीनं विचारलं, "गुरुजी, पवायचं कवा?" हेडमास्तर चष्म्यावरून माझ्याकडं बघायला लागले.

मी त्या दोघींना सांगितलं, "रविवारी."